पालिकिर विवरातल्या काळ्या रेषा: मंगळावरच्या 'वाहत्या पाण्या'चं प्रकरण

मंगळाच्या दक्षिण गोलार्धात न्यूटन नावाचं एक मोठं विवर आहे आणि त्याच्या पोटात पालिकिर नावाचं एक लहान विवर. वसंत संपून उन्हाळा लागला की पालिकिरच्या उभ्या उतारांवर, खडकाच्या उघड्या पट्ट्यांपासून, बारीक गडद रेषा खाली सरकू लागतात. रुंदी अर्ध्या मीटरपासून पाच मीटरपर्यंत, लांबी काही ठिकाणी शेकडो मीटर. काही आठवडे त्या वाढत राहतात, थंडी आली की फिकट होऊन दिसेनाशा होतात आणि पुढच्या मंगळवर्षी जवळपास त्याच जागी पुन्हा उमटतात. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं असल्यामुळे असा एक फेरा पुरा पाहायला जवळजवळ दोन वर्षं लागतात.

या रेषांनी काही काळ साऱ्या जगाला पटवून दिलं होतं की मंगळावर आज, या घडीला, पाणी वाहतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी नासाने पत्रकार परिषद घेऊन तसं जाहीरही केलं. दोनच वर्षांनी ते विधान डळमळलं आणि चार वर्षांत त्याचा सर्वांत भक्कम वाटणारा खांबच पडला. गंमत अशी, की या प्रकरणात कुणी लबाडी केलेली नाही आणि सपशेल बेजबाबदारही कुणी वागलेलं नाही. प्रत्येक पायरीवरचं निरीक्षण प्रामाणिक होतं. तरीही निष्कर्ष पुराव्याच्या पुढे निघून गेला. तो नेमका कुठे पुढे गेला, हे पाहण्यासारखं आहे.

आधी अडचण समजून घेऊ

मंगळावर पाणी आहे का, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. ध्रुवांवर पाण्याच्या बर्फाचे जाड थर आहेत. २००८ साली फिनिक्स यान उत्तर ध्रुवीय मैदानात उतरलं तेव्हा काही सेंटिमीटर माती खरवडताच खाली पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते विरून गेले. तो बर्फच होता. जुन्या काळी तिथे नद्या होत्या आणि तळी होती, यावरही आता फारसा वाद उरलेला नाही. गेल विवरात नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरला वाहत्या पाण्याने गोल झालेले गोटे सापडले. जेझेरो विवरात नदीच्या मुखाशी साचलेला गाळ आकाशातूनही ओळखू येतो.

वाद आहे तो फक्त तीन गोष्टी एकत्र येण्याबद्दल: द्रवरूप, पृष्ठभागावर, आणि आज.

मंगळावर हवेचा सरासरी दाब सहाशे पास्कलच्या आसपास, म्हणजे पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात ती स्थिती, ६११ पास्कलला येतो. त्याखाली बर्फ वितळतच नाही, थेट वाफ होऊन जातो. हेलासच्या खोल द्रोणीत दाब या आकड्याच्या साधारण दुप्पट असतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीचं तापमान शून्याच्या वरही जातं. तेव्हा दाब आणि तापमान एवढंच पाहिलं तर पाण्याला तिथे थोडा वाव आहे. पण खरी मेख आहे हवेच्या कोरडेपणात. मंगळाच्या हवेतली सगळी वाफ खाली उतरवून जमिनीवर पसरली तर सरासरी दहा ते वीस मायक्रोमीटरचा थर होईल. इतक्या कोरड्या हवेचा दवबिंदू, खरं तर हिमबिंदू, म्हणजे वाफ गोठू लागते ते तापमान, उणे ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. दुपारी जमीन शून्याच्या वर तापते तेव्हा वरचा बर्फ केव्हाच उडून गेलेला असतो. वितळण्याइतकी ऊब आणि वितळायला उरलेला बर्फ, या दोन गोष्टींची गाठच पडत नाही.

यातून एकच पळवाट उरते, ती मिठाची. फिनिक्सला मातीत परक्लोरेट क्षार सापडले होते. हे क्षार हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच विरघळू शकतात. कॅल्शियम परक्लोरेटचं संपृक्त द्रावण उणे ७० अंशांच्या आसपासही गोठत नाही आणि त्याचं बाष्पीभवनही शुद्ध पाण्यापेक्षा खूप सावकाश होतं. मंगळावर पाणी वाहत असेल तर ते असं कडक खारं द्रावण असणार, एवढं फिनिक्सनंतर सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. पुढे जे घडलं त्याची तयारी अशी आधीच झालेली होती.

२०११: रेषा दिसल्या

मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे नासाचं यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतं आहे. त्याच्यावरचा हायराइज कॅमेरा साधारण ३०० किलोमीटर उंचीवरून २५ ते ३० सेंटिमीटरचा बारकावा टिपतो. ॲरिझोना विद्यापीठात या कॅमेऱ्याचं काम पाहणाऱ्या आल्फ्रेड मॅकइवेन यांच्या गटात नेपाळहून आलेला लुजेंद्र ओझा हा पदवीचा विद्यार्थी होता. एकाच उताराची वेगवेगळ्या महिन्यांतली छायाचित्रं ताडून पाहताना त्याला या रेषांचा बदल जाणवला. ऑगस्ट २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या गटाचा शोधनिबंध आला.

त्यात ठिकाणं दिली होती ती बहुतांश ३२ ते ४८ अंश दक्षिण अक्षांशांतली. उतार २५ ते ४० अंशांचे, बहुतेक विषुववृत्ताकडे तोंड केलेले, म्हणजे उन्हाचे. रेषा वाढत होत्या त्या काळात जमिनीचं तापमान उणे २३ ते २७ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात होतं. ऊन, उतार आणि ऋतू असं तिन्ही जुळून आलं की मन पाण्याकडे धावतंच. निबंधाची भाषा मात्र जपून होती. जमिनीलगतचं खारं द्रावण हे कारण असू शकेल, पण यंत्रणा आणि पाण्याचा स्रोत कळलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याच यानावरच्या क्रिझम या वर्णपटमापकाला, म्हणजे परावर्तित प्रकाशावरून खनिजं ओळखणाऱ्या उपकरणाला, या रेषांवर पाण्याची खूण सापडलेली नव्हती, हेही लेखकांनी लपवलं नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण असाच एक प्रसंग आधी घडून गेला होता. २००० साली मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी विवरांच्या भिंतींवरच्या ताज्या घळी दाखवल्या आणि त्या अलीकडच्या काळात पाण्याने कोरल्या असाव्यात, असं मांडलं. २००६ मध्ये त्यांनी दोन घळींत काही वर्षांतच नव्याने पडलेला फिकट गाळ दाखवला, तेव्हा पाण्याची चर्चा पुन्हा रंगली. पण हायराइजने घळींवर वर्षानुवर्षं नजर ठेवल्यावर कळलं की त्यांच्यातली हालचाल मुख्यतः हिवाळ्यात होते, जेव्हा उतारावर कार्बन डायऑक्साइडचा हिमथर असतो. पाणी वाहण्याच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट ऋतू. घळींचा पाण्यावरचा दावा असा ऋतूनेच मोडला. उतार-रेषा मात्र ऐन उन्हाळ्यात यायच्या. घळींच्या बाबतीत पाण्याच्या विरोधात गेलेली साक्ष इथे पाण्याच्या बाजूने उभी राहिली, आणि मला वाटतं, रेषांवर इतका भरवसा बसण्यामागे हा भाग मोठा होता.

२०१५: मीठ सापडलं

ओझा पुढे जॉर्जिया टेकमध्ये गेला. क्रिझममध्ये खूण न सापडण्याचं एक साधं कारण होतं. हायराइजचा एक पिक्सेल पाव मीटरचा, तर क्रिझमचा साधारण १८ मीटरचा. क्रिझमच्या एका पिक्सेलमध्ये हायराइजचे पाच हजारांहून अधिक पिक्सेल मावतात. पाच मीटर रुंदीची रेषा अशा चौकोनातून सरळ गेली तरी चौकोनाचा जेमतेम २८ टक्के भाग व्यापते. एक मीटरची रेषा तर सहा टक्केही नाही. बाकी सगळा आजूबाजूचा कोरडा खडक.

ओझा आणि सहकाऱ्यांनी सरासरी काढणं सोडून दिलं. रेषा सर्वांत रुंद असतानाचे आणि रेषांनी जास्तीत जास्त भरलेले पिक्सेल त्यांनी एकेक करून वेगळे काढले. पालिकिर, होरोविट्झ, हेल ही विवरं आणि व्हॅलेस मरिनेरिस या मंगळावरच्या अवाढव्य दऱ्यांच्या रांगेतली कोप्रेटस दरी अशा चार ठिकाणी त्यांना १.९ मायक्रोमीटरच्या आसपास आणि आणखी काही तरंगलांबींवर शोषणाचे खळगे, म्हणजे प्रकाश शोषला गेल्यामुळे आलेखात पडलेल्या खाचा, दिसले. पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा असतात तशाच. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांशी ताडल्यावर मॅग्नेशियम परक्लोरेट, मॅग्नेशियम क्लोरेट आणि सोडियम परक्लोरेट हे सर्वांत जवळचे ठरले. रेषा लहान असताना खुणा दिसत नव्हत्या. निबंध 'नेचर जिओसायन्स'मध्ये आला आणि त्याच दिवशी ती पत्रकार परिषद झाली.

निबंधाने म्हटलं होतं की हा पुरावा 'आजच्या काळातल्या पाण्याच्या हालचालीमुळे रेषा तयार होतात' या गृहीतकाला जोरदार दुजोरा देतो. निवेदनाचा मथळा सांगत होता की आजच्या मंगळावर द्रवरूप पाणी वाहतं याच्या पुराव्यावर नासाने शिक्कामोर्तब केलं आहे. वृत्तपत्रांत पोचेपर्यंत 'मंगळावर पाणी सापडलं' एवढंच उरलं.

प्रत्यक्षात पाणी कुणीच पाहिलेलं नव्हतं. दिसला होता तो क्षाराच्या स्फटिकात बांधलेला पाण्याचा रेणू, आणि तोही मोजक्या पिक्सेलमध्ये. हे यान कोणत्याही जागेवरून जातं ते तिथल्या स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे ओल असलीच तर ती वाळून गेल्यानंतर. त्यामुळे ओल न दिसण्यालाही सबब होती. सकाळी ओलं असेल, दुपारी वाळत असेल. या सबबीत खोटं काही नव्हतं, पण ती इतकी सोयीची होती की तिने गृहीतक कुठल्याही निरीक्षणापासून सुरक्षित राहिलं. अशा वेळी सावध व्हायला हवं, असं माझं मत.

पाणी आणायचं कुठून?

शंकांची सुरुवात हिशेबापासून झाली. २०१६ मध्ये व्हॅलेस मरिनेरिसच्या एका भागातल्या रेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रेषा पाण्याने होत असतील तर दर वर्षी तीस हजार ते एक लाख घनमीटर पाणी लागेल, असा त्यातला अंदाज होता. ते येणार कुठून? हा भाग विषुववृत्ताजवळचा. तिथे उथळ बर्फ टिकत नाही. भूजल म्हणावं, तर काही रेषा चक्क सुट्या शिखरांच्या माथ्याजवळून सुरू होतात. शिखरावर झरा असायला त्याला वरून पाणी मिळायला हवं, आणि वर तर काहीच नाही.

उरते हवा. साधा हिशेब करून पाहू. हवेतली वाफ वीस मायक्रोमीटर धरली तर एका चौरस मीटरवरच्या सगळ्या हवेत मिळून पाणी वीस ग्रॅम. पाच सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती वजनाच्या तीन टक्के ओली करायची, तर त्याच चौरस मीटरला दोन किलोहून जास्त पाणी लागेल. हवेच्या सबंध स्तंभातल्या वाफेच्या शंभरपटीहून अधिक. क्षार कितीही हावरट असले तरी एवढी ओढ एका ऋतूत व्हायची म्हणजे कठीणच.

तीन टक्के हा आकडा मी सहज घेतलेला नाही. क्रिस्टोफर एडवर्ड्स आणि सिल्व्हेन पिक्यू यांनी २०१६ मध्येच व्हॅलेस मरिनेरिसमधल्या गार्नी विवराची उष्णता मोजणारी माहिती तपासली. ओली माती कोरड्या मातीपेक्षा वेगळ्या गतीने तापते आणि निवते. रेषांचे पट्टे आणि शेजारची मोकळी जमीन यांत त्यांना तसा फरक आढळला नाही. त्यांच्या मोजमापाच्या मर्यादेत रेषांमध्ये पाणी फार तर तीन टक्के असू शकतं, म्हणजे किलोभर मातीत तीस ग्रॅम. पृथ्वीवरच्या अतिकोरड्या वाळवंटांतल्या मातीतही एवढं असतं. यातून 'पाणी शून्य' असं सिद्ध झालं नाही, पण 'वाहतं' हे क्रियापद मात्र अवघड होऊन बसलं.

रेषा थांबतात कुठे?

सगळ्या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत देखणा युक्तिवाद रसायनशास्त्राचा नाही, भूमितीचा आहे. आणि तो मांडणाऱ्यांत मूळ शोध लावणारे मॅकइवेन स्वतः होते.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले कॉलिन डंडस आणि सहकारी यांनी हायराइजच्या जोडचित्रांवरून उतारांचे त्रिमित नकाशे केले. एकाच जागेची दोन कोनांतून घेतलेली छायाचित्रं जुळवली की उंची काढता येते. दहा ठिकाणच्या १५१ रेषा त्यांनी मोजल्या आणि एकच प्रश्न विचारला: रेषेच्या शेवटच्या टोकाशी उतार किती अंशांचा आहे? तोवर सगळ्यांचं लक्ष रेषा सुरू कुठे होतात, केव्हा होतात आणि कशाच्या बनलेल्या आहेत यावर होतं. त्या संपतात कुठे, याकडे इतक्या बारकाईने कुणी पाहिलेलं नव्हतं.

उत्तर ठिकठिकाणी तेच आलं. जवळपास सगळ्या रेषा २७ अंशांहून अधिक उतारावर होत्या, आणि उतार त्याच्या आसपास मंदावला की थांबत होत्या. कोरड्या वाळूला हा कोन ओळखीचा आहे. कोरडे कण घरंगळत असतात ते एका ठरावीक उतारापर्यंतच. त्याहून सपाट जागा आली की आपल्याच घर्षणाने थांबतात. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या घसरत्या बाजूंवरही असेच कोन मोजले गेले होते. पाण्याला असं कुठलंच बंधन नाही. वीस अंशांवर, दहा अंशांवर, अगदी दोन अंशांवरही ते पुढे जाईल. शिवाय लांब उतारांवर रेषा लांब होत्या आणि आखूड उतारांवर आखूड. पाणी मुरून किंवा उडून संपत असतं, तर रेषेची लांबी पाण्याच्या साठ्यावर ठरली असती, उताराच्या लांबीवर नाही. दहा वेगवेगळ्या ठिकाणी पाणी नेमकं वाळूच्या कोनावरच संपतं, असा योगायोग मानायचा तर मानता येईल, पण मग काहीही मानता येईल.

नोव्हेंबर २०१७ मध्ये हा निबंध आला. रेषांमधल्या कणांच्या घसरणीवरून पाण्याला वाव मर्यादितच दिसतो, असं शीर्षकात म्हटलं होतं. चूक पकडली गेल्याचा कुठलाही गाजावाजा लेखकांनी केला नाही, आणि प्रसारमाध्यमांनी तर २०१५ च्या मानाने दखलच घेतली नाही म्हणायची.

आणि मिठाच्या खुणा?

क्षारांचा पुरावा तरीही उभा होता. रेषा कोरड्या वाळूच्या असल्या तरी त्यांच्यात पाणीदार परक्लोरेट आलं कुठून, असं विचारता येत होतं.

कॅल्टेकच्या एलन लीस्क, बेथनी एलमन आणि सहकाऱ्यांनी क्रिझमच्या माहितीतच खोल जाऊन पाहिलं. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की या उपकरणाच्या माहितीवर प्रक्रिया होताना १.९ आणि २.१ मायक्रोमीटरपाशी खोटे खळगे तयार होऊ शकतात. उजेड आणि सावलीच्या सीमेवर, जिथे एका पिक्सेलहून शेजारच्या पिक्सेलवर प्रकाश एकदम बदलतो, तिथे ते जास्त होतात. प्रमाण अगदी नगण्य, ०.०५ टक्क्यांहूनही कमी पिक्सेलमध्ये. पण परक्लोरेटची हुबेहूब नक्कल.

प्रमाण नगण्य, हीच तर गोम आहे. सरासरी घेतली असती तर हे खोटे खळगे बुडून गेले असते. एकेक पिक्सेल निवडून पाहिला की तेच नेमके हाती लागतात. आणि या रेषा असतात कुठे? खडकाळ, उंचसखल, ऊनसावलीने चिरफाळलेल्या उभ्या उतारांवर. अरुंद रेषांमुळे जी पद्धत नाइलाजाने स्वीकारावी लागली, तीच पद्धत उपकरणाच्या खोडीला सर्वांत जास्त उघडी होती. २०१९ मध्ये माथ्यू व्हिन्सेंडन आणि सहकाऱ्यांनी रेषांच्या जागांची वर्णपटीय माहिती पुन्हा तपासून पाण्याच्या विरोधात मत दिलं. रेषा गडद दिसतात त्या ओलीमुळे नसून वरची फिकट धूळ सरकल्यामुळे, या स्पष्टीकरणाकडे तोल झुकला.

धुळीची साक्ष निसर्गानेच दिली. २०१८ च्या मध्याला मंगळभर धुळीचं वादळ उठलं. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर त्यातच कायमचा गप्प झाला. वादळ शमल्यानंतरच्या ऋतूत रेषांची संख्या नेहमीपेक्षा खूपच वाढलेली दिसली. पाण्याचं प्रमाण वादळाने वाढलं असं मानायला कारण नाही. उतारांवर नवी धूळ मात्र नक्कीच पडली होती. २०२५ मध्ये व्हॅलेंटिन बिकेल आणि अडोमास व्हॅलंटिनास यांनी ८६ हजार छायाचित्रांतून संगणकाकरवी सुमारे पाच लाख उतार-पट्टे नोंदवले. हे पट्टे बहुतांशी वेगळ्या प्रकारचे, धुळीच्या प्रदेशांतले आणि वर्षानुवर्षं टिकणारे आहेत, पण पाण्याचा संशय त्यांच्यावरही होता. त्यांचा संबंध वारा आणि धूळ यांच्याशी जुळला, ओलीशी नाही.

अजून न सुटलेलं

कोरड्या वाळूचं स्पष्टीकरण सगळंच उलगडतं असं नाही. वाळूची घसरण क्षणात उरकते. या रेषा आठवडेच्या आठवडे थोड्याथोड्या वाढतात. फ्रान्समधल्या फ्रेडरिक श्मिट यांच्या गटाने सुचवलं की विरळ हवेत ऊन आणि सावलीच्या फरकामुळे मातीच्या फटींतून वायू वर ढकलला जातो आणि कणांचा तोल जातो. कल्पना हुशारीची आहे, तरी ती सगळीकडे लागू पडेल का, यावर मतभेद आहेत. दुसरा प्रश्न अधिक साधा आणि अधिक चिवट: दर वर्षी वाळू खाली आली तर पुढच्या वर्षासाठी ती वर कोण नेऊन ठेवतं? वारा, हे उत्तर दिलं जातं. क्षार ओल शोषून-सोडून कणांची पकड ढिली करत असतील, म्हणजे पाणी वाहत नसलं तरी घसरणीला चालना देत असेल, ही शक्यताही अजून कुणी पुरती फेटाळलेली नाही.

या अनिश्चिततेचा परिणाम प्रत्यक्ष मोहिमांवर होतो. जिथे द्रवरूप पाणी असू शकेल अशा जागी पृथ्वीवरचे जीवाणू पोचू नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. क्युरिऑसिटीच्या वाटेजवळ, गेल विवरातल्या माउंट शार्प या डोंगराच्या उतारांवर, अशा रेषांसारखं काही दिसलं तेव्हा रोव्हर किती जवळ न्यायचा, यावर २०१६ मध्ये बरीच चर्चा झाली होती. रेषा कोरड्या ठरल्या तर तिथे जायला मोकळीक आहे, पण मग मुद्दाम जाण्याचं मुख्य कारणही जातं.

क्रिझम २०२३ मध्ये निवृत्त झालं. दुपारी तीनची अडचण मात्र युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानामुळे थोडी दूर झाली आहे, कारण त्याचा कॅसिस कॅमेरा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्याच उतारांवरून जातो. हेल विवरातल्या रेषांची सकाळची आणि दुपारची छायाचित्रं २०२० मध्ये ताडून पाहिली गेली. सकाळी ओल असती तर रेषा आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत अधिक गडद दिसायला हव्या होत्या. तसा फरक आढळला नाही.